ताकापर्यंत मिटतं

शेलारबाईंनी माझ्याशी पहिलं भांडण केलं ते मी शाळेत रुजू झालो त्याच दिवशी, आणि तेही भरल्या वर्गात.

मी वाईकडचा. बदली होऊन घाट उतरलो आणि पोलादपूर तालुक्यात आलो. कापडे गावाच्या वरच्या अंगाला एका वाडीत आमची शाळा. दोन खोल्या, पुढे पडवी, अंगणाला लोखंडी फाटक, पहिली ते चौथीची पोरं आणि दोन शिक्षक. त्यातले एक निवृत्त झाले होते, त्यांच्या जागेवर मी. दुसऱ्या कुंदा शेलार. दोनपैकी एक खोली पावसात गळायची, म्हणून चारही वर्ग एकाच खोलीत बसलेले आणि फळाही एकच. बाईंनी फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ ओढली. डावीकडचा भाग त्यांचा, उजवीकडचा माझा. मी तिसरीला बेरीज घातली. आकडे जरा मोठे निघाले आणि रेघेपलीकडे गेले.

"सर," बाई म्हणाल्या, "तुमचा हातचा माझ्या हद्दीत आलाय."

मी हसलो. बाई हसल्या नाहीत.

"आल्या आल्या अतिक्रमण? उद्या खुर्ची सरकवाल, परवा टेबल."

"बाई, एक आकडा आहे हो."

"आज एक हाय."

त्यांचा आवाज चढत गेला. मी हळूच म्हणालो, "पोरं बघतायत."

"बघू देत की. त्यांच्यासाठीच चाललंय."

आता मलाही राग आला. नवीन गाव, भिजलेले बूट, आणि समोर ही बुटकी, जाड भिंगांच्या चष्म्यातून रोखून बघणारी बाई. मी म्हणालो, "एवढा फळा काय तुम्ही माहेरहून आणलाय?"

बाई पोरांकडे वळल्या.

"सर काय म्हणाले?"

"माहेरहून आणलाय!" सगळे एका सुरात.

"मला राग आला का?"

"आला!"

"मग आता काय करायचं?"

चौथीतली एक मुलगी उभी राहिली. "बाई, आधी तुम्ही ओरडलात. आधी तुम्ही सांगा."

"बरोबर." बाई माझ्याकडे वळल्या. "सर, पहिल्याच दिवशी मी तुमच्यावर पोरांसमोर आवाज चढवला. ते चुकलं माझं." आणि थांबल्या. सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी पुटपुटलो, "माहेर काढायला नको होतं."

"आणि?" मागून कुणीतरी.

"चुकलं माझंपण."

बाईंनी रेघ पुसली, चार बोटं स्वतःच्या बाजूला सरकवून पुन्हा ओढली. पिशवीतून पेरू काढला, फोडला आणि अर्धा मला दिला. मधल्या सुट्टीत म्हणाल्या, "आठवड्याला एक तरी भांडण करावं लागेल हो सर. आधीचे सर फार सज्जन. भांडायचेच नाहीत. पोरांचं फार नुकसान झालं."

मला वाटलं, माझी बदली एका वेड्या बाईच्या शेजारी झालीय. हे मत बदलायला बरेच दिवस लागले, आणि पूर्ण बदललं असंही म्हणवत नाही.

बाई दिसायला अगदी साध्या. सुती साडी, खोचलेला पदर, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि हातात नानांची, म्हणजे त्यांच्या यजमानांची, भली मोठी काळी छत्री. ही छत्री उन्हाळ्यातही असायची. मधल्या सुट्टीत त्या पडवीत बसून लसूण सोलायच्या. घरी गेल्यावर वेळ मिळत नाही, असं सांगायच्या. पण त्यांचं लक्ष अंगणात असायचं. दोन पोरं हमरीतुमरीवर आली की दुसरा कुठलाही मास्तर ओरडला असता, "भांडू नका रे." बाई ओरडायच्या, "पुरतं भांडा! अर्धं टाकू नका!"

मग त्या दोघांना पायरीवर बसवायचं. मारायचं नाही, आईबापावर जायचं नाही, आणि संपल्याशिवाय उठायचं नाही, एवढेच नियम. "सॉरी" हा शब्द शाळेत बंद होता. "सॉरी म्हणजे हातावरून पाणी," बाई म्हणायच्या. "साबण लागला पायजे. काय चुकलं ते सांग." पोरं वैतागून सांगायची. पहिलीतल्या एकानं एकदा सांगितलं होतं, "मी ह्याला ढकलला ते चुकलं नाय. चिखल हाय ते बघितलं नाय, ते चुकलं." बाईंनी हे मान्य केलं. "खरं बोलला. चालंल."

वाडीतल्या घरांचे त्यांनी प्रकार पाडले होते. भांडी आपटणारी घरं, माहेर काढणारी घरं, पोरांना बाहेर पिटाळून दार लावणारी घरं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे अबोल्याची घरं. एकदा मी विचारलं, "बाई, पोरांसमोर भांडू नये असंच आम्हाला डी.एड.ला शिकवलं. तुमचं उलटंच."

लसणाची पाकळी दाखवत त्या म्हणाल्या, "न भांडणारी माणसं मला दाखवा, मी त्यांच्या पाया पडते. आपण सगळे भांडतो ओटीवर आणि मिटवतो माजघरात. पोरांना पिक्चर अर्धाच दिसतो, मारामारीचा. पुढं काय झालं ते कळतच नाही त्यांना. मग बसतात मनात जुळवत."

हे त्यांना कुठून सुचलं, ते मला त्यांच्या घरी जेवायला गेलो तेव्हा कळलं.

बाईंचं घर पोलादपुरात, हायवेपासून थोडं आत. नाना एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. अंबेनळी घाटात त्यांची हयात गेलेली. मुलगी माधवी महाडला एका दवाखान्यात नर्स होती. ताटं मांडली. वालाचं बिरडं, भाकरी, भात. नानांनी पहिला घास घेतला.

"बिरडं मऊ झालंय."

"मऊ नाही, शिजलंय."

"शिजणं वेगळं, लगदा वेगळा."

"तुमच्या बहिणीच्या हातचं टणक बिरडं खाऊन दात हालले होते, ते विसरलात?"

"माझ्या बहिणीला मधे आणू नकोस!"

"मधे नाही आणत. कडेला ठेवते."

आवाज शेजारच्या तिसऱ्या घरात पोचले असतील. मी घास हातात धरून बसलो. माझ्या घरी असलं काही झालं असतं तर सगळ्यांनी ताटावरून उठून आपापला कोपरा धरला असता. माधवी मात्र शांतपणे भाकरी मोडत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "जेवा हो सर. यांचं ताकापर्यंत मिटतं."

आणि खरंच, भात संपून ताक आलं तसे नाना म्हणाले, "चव होती गो बिरड्याला. मी आपला मऊवरच अडून बसलो."

"मीपण वन्संना उगीच ओढलं," बाई म्हणाल्या. "बिचारी तिकडं महाडात उचक्या देत असेल." आणि नानांना विचारलं, "अजून वाढू?"

"वाढ. आता मऊच खातो."

जेवण झाल्यावर बाई मला नाक्यापर्यंत पोचवायला आल्या. चालता चालता मी म्हणालो, "तुमच्या माहेरीही असंच असेल, मोकळंढाकळं."

"माझ्या माहेरी?" बाई थांबल्या. "आमचं घर शिवथरच्या खोऱ्यात. आमच्या घरात आवाज म्हणून नव्हता. लोक लेकीसुनांना सांगायचे, संसार करावा तर ह्यांच्यासारखा. खरं काय, तर बाप आणि आई एकमेकांशी बोलत नव्हते. कधीपासून आणि कशावरून, ते त्यांनाही आठवत नसेल. मी आणि माझा भाऊ तांब्या खाली ठेवायच्या आवाजावरून ओळखायचो, आजचा दिवस कसा जाणार ते. भाऊ आता नातवंडांचा आजोबा झालाय. पण अजून कुणी दार जरा जोरात लावलं की भरल्या ताटावरून उठतो. त्याची बायको विचारते, काय झालं? त्याला सांगता येत नाही."

हे सगळं त्यांनी छत्रीनं रस्त्यावरचा खडा ढकलत ढकलत सांगितलं. मग एकदम मान वर करून म्हणाल्या, "म्हणून नाना मला बघायला आले ना, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, तुम्हाला भांडता येतं का? माझ्या मामाला घाम फुटला. नाना म्हणाले, एसटीचा ड्रायव्हर हाय मी. तिथंच ठरलं."

बाईंचे खोडसाळपणाचे किस्से मी अनेकांना सांगत आलो. पण त्यातला तन्वी उतेकरचा किस्सा सांगताना अजून मला मधेच थांबावं लागतं.

तन्वी दुसरीत होती. चुणचुणीत, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. तिच्या दोन गोष्टी विचित्र होत्या. एक म्हणजे तिचं पोट दुखायचं. शाळेत येताना पोट दुखणारी पोरं मी पुष्कळ पाहिलीत. हिचं दुखायचं घरी जायची घंटा झाल्यावर. दुसरं म्हणजे ती समोरच्या माणसाशी सरळ बोलायची नाही. बाई तिच्यापुढे उभ्या असल्या तरी माझ्याकडे येऊन म्हणायची, "सर, बाईंना सांगा, मला पाणी प्यायचंय." आणि मला काही सांगायचं असलं की बाईंकडे जायची. मला हे मजेशीर वाटायचं. बाईंना वाटलं नाही.

"सर, हे अबोल्याचं घर हाय," त्या म्हणाल्या. "चला, चहा पिऊन येऊ."

तन्वीचा बाप संतोष महाडच्या एमआयडीसीत कारखान्यात पाळीवर जायचा. आई रेखा घर, शेत आणि दोन म्हशी बघायची. भांडणाचं कारण वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. रेखाच्या भावानं नवं घर बांधलं. वास्तुशांतीला संतोष आला नाही, ड्युटी लागली म्हणाला. इकडे पूजा चालू असताना गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला. टेनिस बॉलच्या टूर्नामेंटमध्ये 'मॅन ऑफ द मॅच'ची ढाल छातीशी धरून संतोष हसतोय. रेखानं तो फोटो माहेरच्या सगळ्या गोतावळ्यात बसून पाहिला. त्या दिवसापासून नवरा-बायको एकमेकांशी शब्द बोललेले नव्हते.

आम्ही गेलो तेव्हा संतोष ओटीवर होता आणि रेखा आत चुलीपाशी. मी ओटीवर बसलो. बाई बरोबर मधे, उंबऱ्यावर बसल्या.

"बाई, उंबऱ्यावर नका बसू," रेखा आतून म्हणाली.

"कंबर धरलीय गो. टेकायला बरं पडतं."

मग तन्वीच्या खेपा सुरू झाल्या. आत जायची, बाहेर यायची. मला फक्त बाहेरचं ऐकू येत होतं. "बाबा, आई म्हणते, चहा गरम हाय तोवर घ्या." संतोष उंबऱ्याकडं तोंड करून काहीतरी पुटपुटायचा, ते मला कळायचं नाही. तन्वी आत जायची. असं चार-दोनदा झालं. बाईंनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, चहाचा ठसका लागला.

उतरणीला लागल्यावर बाईंना हसू आवरेना. "सर, तुम्हाला अर्धंच ऐकू आलं. आत रेखा काय म्हणाली माहितीय? 'तुझ्या बापाला सांग, चहा ठेवलाय, ढोसायचा तर ढोस म्हणावं.' आणि पोरगी बाहेर येऊन सांगते, गरम हाय तोवर घ्या! संतोष म्हणाला, 'तिच्या भावाकडं पाठव म्हणावं चहा.' पोरगी आत जाऊन काय सांगते? 'आई, बाबा म्हणतात, आलं छान पडलंय!'"

मीही हसलो. हसता हसता बाई पायवाटेवर थांबल्या. एका करवंदीच्या जाळीला धरून उभ्या राहिल्या.

"एवढीशी पोर," त्या म्हणाल्या, "खोटं बोलून दोन माणसांचा संसार चालवतेय. रोज. आणि एक दिवस पकडली जाईन म्हणून घंटा झाली की पोट धरते."

"आपण आईबापाला सांगून टाकू," मी म्हणालो.

"म्हणजे पोरीला चोर ठरवू? नाही. तिची फसवाफसवी आपण मोडायची नाही. आपण तिच्यापेक्षा मोठी करायची."

दुसऱ्या दिवसापासून बाई खोटं बोलायला लागल्या. सकाळी फाट्यावर कंपनीच्या गाडीसाठी उभ्या असलेल्या संतोषला गाठून म्हणाल्या, "रेखा सांगत होती, तुमची बॅट तिनं तेल लावून जपून ठेवलीय." संध्याकाळी पाणवठ्यावर रेखाला म्हणाल्या, "संतोष म्हणत होता, मेव्हण्याच्या घराचा रंग बघून यायचं मनात हाय." दोघंही गोंधळले. मग शनिवारी सकाळच्या शाळेनंतर बाईंनी दोघांनाही वेगवेगळं बोलावलं. प्रत्येकाला सांगितलं, दुसरं माणूस येणार नाही, तुम्हीच या.

पोरं घरी गेली होती. अंगणात तन्वी, बाई आणि मी. एका वाटेनं संतोष फाटकातून आत आला, दुसऱ्या वाटेनं रेखा. एकमेकांना बघून दोघंही वळणार, तेवढ्यात बाईंनी फाटकाला कुलूप घातलं आणि पदर झटकत म्हणाल्या, "अगोबाई! चावी कुठं गेली?"

बाई पडवीभर चावी शोधत फिरल्या. शेवटी संतोषच्या तोंडून निघून गेलं, "बॅट कुठं ठेवलीस?"

"कंची बॅट?" रेखाही बोलून गेली. "ती न्हाणीत हाय. कपडे धोपटते मी तिच्यानं!"

"माझ्या बॅटनं?"

"मग काय देव्हाऱ्यात ठेवू? त्या बॅटीपायी माझ्या माहेरच्यांपुढं माझं नाक कापलंस तू!"

इतके महिने तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. वास्तुशांती, ढाल, सासू, म्हशींचा गोठा, कारखान्यातली पाळी. मी बाईंकडे पाहिलं. त्या पडवीच्या खांबाला टेकून, समाधानानं मान हलवत ऐकत होत्या, जसं कुणी भजन ऐकावं. तन्वी मात्र दप्तर पोटाशी घट्ट धरून भिंतीला चिकटली होती.

"आणि वर परवा सुकट आणलीस," रेखा म्हणाली. "लाड दाखवायला!"

"तूच मागितलीस!"

"मी? मेले तरी तुझ्याकडं मागणार नाय!"

"मग तन्वी म्हणाली ते..."

संतोष थांबला. रेखाही थांबली. दोघांनी एकाच वेळी मान वळवून पोरीकडे पाहिलं. पोरीचा चेहरा मी विसरू शकत नाही.

"मी सांगितलं तिला," बाई म्हणाल्या.

"काय?"

"सगळं. सुकट, चहातलं आलं, सगळं मीच पढवलं."

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. दोघंही बाईंवर तुटून पडले. "बाई, तुम्ही आमच्या पोरीला खोटं शिकवता?" संतोष ओरडला. "ह्यांना काय म्हणायचं ते ह्ये म्हणतील," रेखा ओरडली, "तुम्ही कोण मधे?" "माझी बायको काय बोलते ते मला तिच्या तोंडून कळंल!" "हो, मी सांगंन ना माझ्या तोंडानं!" कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ते एका बाजूनं बोलत होते. बाई मान खाली घालून उभ्या होत्या. ती मान लाजेनं खाली नव्हती, हे फक्त मला दिसत होतं.

"बाईंना काय माहीत नव्हतं," तन्वी म्हणाली.

बारीक आवाज होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. ती भिंत सोडून पुढे आली आणि सरळ आईबापाकडे बघून बोलली.

"मीच बोलले. तुम्ही बोललात तसं सांगितलं असतं तर बाबा जेवले नसते. आई रडली असती."

संतोष पायरीवर बसला. रेखानं तोंडावर पदर घेतला.

"मला ओरडणार?" तन्वीनं विचारलं.

"तुला नाय गो," रेखा पदराआडून म्हणाली. "ह्याला ओरडणार."

"ओरड," संतोष म्हणाला.

आणि ती ओरडली. यावेळी आवाज कमी होता आणि बोलणं जास्त. संतोष ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "फायनल होती. मला सोडवली नाय. ड्युटी लागली म्हणून खोटं बोललो ते चुकलं. तुझ्या माणसांत तुला एकटी पाडली, ते पण चुकलं."

रेखानं डोळे पुसले.

"तू बॅटनं कपडे धोपटलेस," संतोष म्हणाला. "त्याचं काय?"

"त्याचं काय नाय. ती बॅट त्याच लायकीची हाय."

संतोष हसला. रेखा हसली नाही, पण तिनं तन्वीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं. तिघं फाटकापाशी जाऊन थांबली.

"चावी शोधायला पायजे," बाई म्हणाल्या.

"बाई," तन्वी म्हणाली, "चावी तुमच्या गळ्यात हाय. चष्म्याच्या दोरीला."

त्यानंतर ते घर गोडीगुलाबीचं झालं, असं मी सांगणार नाही. उलट आता त्यांचं भांडण तीन घरं पलीकडे ऐकू यायचं, आणि शेजारी बाईंकडे तक्रार घेऊन आले होते. पण तन्वीचं पोट दुखायचं थांबलं. एका सकाळी ती मला, थेट मलाच, म्हणाली, "काल खूप भांडले." मी घाबरून विचारलं, "मग?" "मग गप बसले. मग बाबांनी लसूण सोलून दिली." आणि पुढच्याच वाक्यात, तितक्याच थेटपणे, "सर, तुमचं अक्षर वाचता येत नाय." सरळ बोलायची सवय लागली की माणूस कुठं थांबतं?

संतोष मात्र पुढे कितीतरी दिवस बाईंशी बोलला नाही. फाट्यावर दिसला की तोंड फिरवायचा. मला वाईट वाटायचं. बाईंना वाटत नव्हतं. "अबोला धरायचाच असेल तर माझ्याशी धरू दे," त्या म्हणायच्या. "माझं पोट काय दुखत नाय."

बाईंचा खोडसाळपणा सगळीकडे चालायचा असं मात्र नाही. खालच्या वाडीतल्या एका घरात बाप बायकोवर हात टाकायचा. ते कळलं त्या दिवशी बाई हसल्या नाहीत, चहा प्यायलाही गेल्या नाहीत. अंगणवाडीच्या ताईंना आणि पोलीस पाटलांना बरोबर घेऊन सरळ गेल्या आणि त्या बाईला लेकरांसकट तिच्या माहेरी पोचवून आल्या. परत आल्यावर मी विचारलं, "इथं भांडण पुरतं करायचं नाही का?" बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला प्रश्न गिळावासा वाटला. "हात उचलला की ते भांडण नसतं सर," एवढंच म्हणाल्या, आणि त्या दिवशी लसूण सोलायची राहून गेली.

आमच्या साप्ताहिक भांडणांची बातमी कुठून तरी वर पोचली आणि केंद्रप्रमुख साहेब चौकशीला आले. साहेबांनी पोरांना विचारलं, "काय रे, तुमचे सर आणि बाई भांडतात का?" "हो!" सगळी पोरं आनंदानं ओरडली. "कशावरून?" फळा, खिडकी, घंटा कुणी वाजवायची, अशी यादी झाली. साहेबांच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. तेव्हा चौथीतल्या एका मुलीनं हात वर केला. "साहेब, तुमच्या घरी कसं मिटतं?"

साहेब चष्मा पुसत राहिले. बाई मदतीला धावल्या नाहीत. उलट खुर्ची पुढे ओढून, उत्सुकतेनं ऐकायला बसल्या. साहेबांनी शेवटी घड्याळ पाहिलं आणि महाडला मीटिंग असल्याचं त्यांना आठवलं. फाटकाबाहेर पडताना मात्र त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "बाई खासगीत सल्ला देतात का हो?"

पुढे बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी भाषण करणार नाही म्हणाल्या आणि केलंही नाही. मीही यथावकाश महाडच्या बाजूला बदलून आलो. भेटी कमी होत गेल्या. दिवाळीला फोन व्हायचा. त्यात मागून नानांचा आवाज यायचा, "कुणाशी बोलतेस?" आणि बाईंचा, "तुमच्याशी नाही!"

त्यांना शेवटचं पाहिलं ते असंच, अचानक. मी सुट्टीला वाईला चाललो होतो. महाबळेश्वरची एसटी पोलादपूरच्या नाक्यावर अडकली. पुढे एक सहा आसनी रिक्षा आणि भाजीचा टेम्पो एकमेकांना घासले होते. रिक्षाचा आरसा तुटून रस्त्यावर पडला होता आणि दोन्ही ड्रायव्हर भर रस्त्यात तावातावानं बोलत होते. गर्दी जमली होती. चार माणसं दोघांना दोन बाजूंना ओढत होती. मी खिडकीतून डोकावलो, तर गर्दीच्या आत, अगदी मधोमध, शेलारबाई. केस पार पांढरे झालेले, एका हातात पिशवी.

"सोडवू नका रे त्यांना!" त्या ओरडत होत्या. "आत्ता कुठं मुद्द्यावर आलेत!"

ओढणारी माणसं चक्रावून थांबली. टेम्पोवाला हात फार उडवत बोलत होता. बाईंनी पिशवीतून मेथीची जुडी काढली आणि त्याच्या दोन्ही हातांत दिली. तोही धरून उभा राहिला, आणि मेथी सांडू नये म्हणून जपून, खालच्या आवाजात भांडायला लागला. मी खिडकीतून हाक मारली, "बाई!" पण त्यांचं लक्ष नव्हतं. त्या रिक्षावाल्याला म्हणत होत्या, "हं, आता तू बोल. पहिल्यापासून."

तेवढ्यात बाजूनं वाट झाली, कंडक्टरनं घंटी मारली आणि बस घाटाकडे वळली.